सात अंमलदारांचें पत्र
(गांवच्या सभेंतील भाषण)



चोर धरला कीं आधीं झोडपावा, मग विचारावें, असें आपल्यांतले पुष्कळजण म्हणतात. आम्ही मास्तर. छडी उगारली म्हणजे पोर न केलेल्या खोडीलाही 'होय' म्हणतें, हें आम्हीं पाहिलें आहे, आणि त्याची आम्हांस लाज वाटते.

आजची गोष्ट दूरची, अमेरिकेची आहे. माजिद खान हा पाकिस्तानी नागरिक तिकडे मेरीलँड प्रांतांत वाढला व पुढें अल्‌ कायदाच्या नादीं लागला. त्यानें पोहोंचविलेले ५०,००० डॉलर २००३ सालीं जाकार्ता शहरांतील हॉटेल बाँबनें उडविण्याच्या कामीं आले. दहांहून अधिक माणसें मेलीं. २०१२ सालीं त्यानें गुन्हा कबूल केला. तो निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं.

पण २००३ सालीं कराचीस धरल्यावर त्याला कोर्टापुढें नेलेंच नाहीं. सीआयए या गुप्त खात्यानें त्याला तीन वर्षांवर दडवून ठेविलें. २००६ सालीं क्यूबा बेटावरील ग्वांटानामोच्या लष्करी तुरुंगांत आणलें. आपल्याला आढ्याला टांगलें, बर्फाच्या पाण्यांत बुडविलें, उपाशी ठेविलें, झोपूं दिलें नाहीं, असें त्यानें २०२१ सालीं लष्करी कोर्टांत सांगितलें. त्यानें अन्न सोडलें तेव्हां वाटलेलें जेवण गुदद्वारांतून आंत घातलें. हें तर अमेरिकन सिनेटच्या २०१४ च्या अहवालांतच छापलें आहे. आयाबहिणींपुढें हें बोलावें कीं नाहीं असें मनांत आलें, पण झांकून कोणाचें भलें? खरें सांगितलें तरी हाल थांबेनात, म्हणून खोटेंही सांगितलें, असें तो म्हणाला.

शिक्षा ठरवावयास आठ पंच बसले होते, सारे लष्करी अंमलदार. त्यांनीं २६ वर्षांची शिक्षा दिली. आणि त्यांतल्याच सात जणांनीं हातानें पत्र लिहून त्याला दया दाखवावी अशी शिफारस केली. हा छळ म्हणजे अमेरिकेच्या नीतीला लागलेला डाग आहे, असें त्यांत लिहिलें. आपल्याही घरोघरचीं पोरें पलटणींत व पोलिसांत आहेत, म्हणून हें पत्र आम्हांस फार मोलाचें वाटतें. गुन्हेगाराला दंड करणारा हातच त्याच्या छळाला नांव ठेवतो!

सरकारशीं आधींच झालेल्या करारानें शिक्षा पुष्कळ कमी झाली. पंचांस तो करार ठाऊक नव्हता. २०२३ च्या फेब्रुवारींत त्याला बेलीझ देशांत सोडलें. त्याचे हाल करणारांपैकीं मात्र एकावरही खटला झाला नाहीं.

कोणास कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं विचारावें.