रजिस्टरातली नावं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



इतिहास जपणाऱ्या एका कार्यकर्तीविषयी मी बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं. मी ऊर्मिला पवार यांच्याविषयी बोलणार आहे. त्यांचा जन्म १९४५चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. आपला सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता, तेव्हा त्या आपल्याच. वडील लवकर गेले. आई बांबूची सुपं, टोपल्या विणायची, त्यावर घर चाललं. बांबूच्या अशा वस्तूंना आयदान म्हणतात. तेच नाव त्यांनी २००३ साली आपल्या आत्मकथनाला दिलं. शाळेत शेण काढायला लावल्याचं, मार खाल्ल्याचं आणि आईनं गुरुजींना जाब विचारल्याचं त्यात लिहिलंय. आज गुरुजन समोर बसलेत म्हणून ते वगळावं, असं मला वाटलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाबद्दल. मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. ते १९८९ साली आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत हजारो बाया होत्या. १९२७ साली महाडला होत्या. १९४२च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तरी इतिहासाच्या पुस्तकांत ही नावं क्वचितच दिसायची. या दोघींनी जुने कागद चाळले, हयात असलेल्या बायांना गाठलं, त्यांना बोलतं केलं. शांताबाई दाणींसारख्या नेत्या त्यात आहेत आणि कुणाला माहीत नसलेल्या बायाही आहेत.

अमेरिकेत कार्टर वुडसन यांनी हेच केलं. त्यांचे आईवडील गुलामगिरीत राहिलेले. कृष्णवर्णीयांचा इतिहास शाळांत शिकवला जात नाही, म्हणून १९२६ साली त्यांनी फेब्रुवारीतला एक आठवडा त्यासाठी ठरवला. पुढे त्याचा महिना झाला. ज्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही, त्यांना तो स्वतःच गोळा करावा लागतो. तो गोळा झाला की, आपल्याही आज्या उभ्या राहिल्या होत्या, हे पुढच्या पोरींना कळतं आणि त्यांची मान वर होते.

आता आपल्याकडे येऊ. या स्मरणिकेत मुख्याध्यापकांची यादी आहे, देणगीदारांची आहे, गुणवंतांची आहे. ती हवीच. पण शाळेच्या जनरल रजिस्टरात आणखी नावं आहेत. सातवीनंतर नाव कमी केलेल्या मुली आहेत. कुणी मासे विकायला बसली, कुणी मुंबईला घरकामाला गेली, कुणाचं लग्न झालं. त्यातल्या काही आज सत्तरीच्या पुढे आहेत, आपल्याच वाडीत राहतात, आणि त्यांना आजच्या मेळाव्याचं आमंत्रण गेलेलं नाही.

माझी विनंती एवढीच. येत्या वर्षात प्रत्येकानं अशा एकीच्या घरी जावं, ती काय सांगते ते तिच्याच मालवणीत लिहून घ्यावं, आणि तिची परवानगी घेऊन शाळेकडे द्यावं. ‘माझ्याकडं सांगण्यासारखं काय आसा?’ असं ती म्हणेल. तेव्हा उठू नका, बसून राहा.