पुरात बुडालेली गाडी



डीलरकडून जुनी गाडी घेतलीत.
अगदी चकाचक!
आठवड्याभरात आत कुबट वास सुटला.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा.
अगदी शेवटपर्यंत.
तिथे वाळलेला गाळ दिसला,
तर गाडी पुरात बुडाली असण्याची शक्यता दाट.
2021 च्या पुरात चिपळूणमध्ये कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या.

डीलर म्हणेल, “जशी आहे तशी विकली.”
म्हणू द्या!
दोष लपवून गाडी विकली,
तर ग्राहक आयोगात दाद मागता येते.

दुरुस्तीआधी फोटो काढा.
मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्या.
पुन्हा सांगते, आधी फोटो, मग दुरुस्ती.

डीलरला लेखीच कळवा.
तोंडी आश्वासनांवर विसंबू नका.

दाद लागली नाही,
तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.
क्रमांक 1915.
एक, नऊ, एक, पाच.