बुरशीवरील औषध आणि शुश्रूषा

पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर जी बुरशी चढते, तिच्याच वर्गातील काही जाती मनुष्याच्या देहातही शिरकाव करतात. १९२१ सालच्या नव्हे, तर अगदी अलीकडच्या, २०२१ सालच्या कोविडच्या साथीत महाराष्ट्राने हा अनुभव घेतला. मधुमेह असलेल्या कित्येक रुग्णांच्या नाकात व डोळ्यांत ही बुरशी पसरली आणि लोकांनी तिला 'काळी बुरशी' असे नाव दिले. त्या वेळी ज्या औषधासाठी नातेवाईक वणवण हिंडले, ते अँफोटेरिसिन बी होय.

हे औषध व्हेनेझुएला देशातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील एका सूक्ष्म जंतूपासून १९५० नंतरच्या दशकात मिळाले. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. औषध त्याला चिकटून आवरणास छिद्रे पाडते आणि बुरशी मरते. परंतु मनुष्याच्या पेशींतील कोलेस्टेरॉल त्या पदार्थाशी बरेच मिळतेजुळते असल्याने थोडा आघात आपल्या पेशींवरही होतो, आणि त्याची झळ मूत्रपिंडांना विशेष लागते. म्हणून औषध देणाऱ्या परिचारिकेचे दक्षत्व येथे औषधाइतकेच मोलाचे ठरते.

पहिली दक्षता नावाची. हे औषध साध्या रूपात मिळते, तसेच लायपोसोमल, म्हणजे स्निग्ध कणांत गुंतविलेल्या रूपातही मिळते. साध्या रूपाची मात्रा दिवसास दर किलो वजनामागे दीड मिलिग्रॅमच्या वर कदापि जाता कामा नये. लायपोसोमल रूप मात्र ५ मिलिग्रॅमपर्यंत, प्रसंगी त्याहूनही अधिक दिले जाते. साठ किलो वजनाच्या रुग्णास लायपोसोमलचे ३०० मिलिग्रॅम चालतात. साध्याची परमावधी ९० मिलिग्रॅम. नावाच्या साम्याने फसून साधे औषध ३०० मिलिग्रॅम दिले गेले, तर हृदयक्रिया बंद पडण्याचा संभव असतो. यास्तव कुपीवरील संपूर्ण नाव वाचावे, आणि दुसऱ्या परिचारिकेने मात्रेचा हिशेब स्वतंत्रपणे पुन्हा करावा.

दुसरी दक्षता द्रावणाची. आपल्याकडे शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीस सरसकट 'सलाईन' म्हणण्याची रीत आहे. या औषधास मात्र खरे सलाईन, म्हणजे मिठाचे पाणी, मुळीच सोसत नाही. त्यात साका धरतो. म्हणून ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळावे लागते, आणि नळीही आधी व नंतर डेक्स्ट्रोजनेच धुवावी लागते. मूत्रपिंडांच्या रक्षणार्थ डॉक्टर सलाईन देण्यास सांगतात, ते निराळ्या वेळी.

तिसरी दक्षता रुग्णाची. साधे औषध दोन ते सहा तासांत सावकाश द्यावयाचे असते. त्या अवधीत हुडहुडी भरून ताप चढतो. म्हणून ताप, नाडी व रक्तदाब वरचेवर पाहावे लागतात. लघवीचे मोजमाप रोज टिपावे. रक्तातील क्रिएटिनिन, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांची तपासणी चुकवू नये. कारण पोटॅशियम घटल्यास स्नायू गळतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात.

बाटली लवकर संपावी म्हणून तिची कळ सैल करण्याचा मोह उशाशी बसलेल्या आप्तांना होतो. तो त्यांनी आवरावा. रुग्णास थंडी वाजू लागली, छातीत धडधडू लागले अथवा लघवी कमी झाली, तर 'औषधाची उष्णता असेल' असे म्हणून स्वस्थ न बसता परिचारिकेस तत्काळ बोलवावे. घरच्या माणसांच्या हातून होण्यासारखी एवढी शुश्रूषा रुग्णाच्या पुष्कळ उपयोगी पडते.