लक्सरच्या देवळातली मशीद

इजिप्तला जाऊन आलेला माणूस पिरॅमिडबद्दल बोलणार हे ठरलेलंच असतं. मी मात्र लक्सरबद्दल बोलणार आहे. कैरोहून आगगाडीनं रात्रभर दक्षिणेला गेलं की नाईलच्या काठी हे गाव लागतं. पूर्वेच्या काठाला मोठी देवळं, पश्चिमेच्या काठाला डोंगरात खोदलेल्या राजांच्या कबरी. सूर्य मावळतो ती बाजू मेलेल्यांची, असा त्या लोकांचा हिशेब.

2022 च्या ऑक्टोबरात मी आणि पत्नी तिथं गेलो. ऊन आपल्या सोलापूरची आठवण करून देणारं. पण पाऊस जवळजवळ ठाऊकच नाही, घाम फुटण्याआधीच वाळतो. या कोरडेपणानंच कबरींतले रंग टिकले. सहाव्या रामसेसच्या कबरीत छतावर नूत ही आकाशदेवी लांबच लांब पसरली आहे. संध्याकाळी ती सूर्य गिळते आणि पहाटे त्याला जन्म देते. मान दुखेपर्यंत पाहत राहिलो. असं एखादं रूपक जन्मात सुचलं तरी कवीनं समाधान मानावं! तीन हजार वर्षं टिकलेल्या त्या रंगांना आता धोका आहे तो आपल्यासारख्या पर्यटकांच्या श्वासातल्या ओलीचा.

आमच्या घरात ‘फिरऔन’ ही शिवी होती. एखादा सावकार माजला की दादी म्हणायची, ‘बडा फिरऔन बनके फिरता है.’ हजरत मूसांना छळणारा हा मिसरचा राजा. कुराण त्याला फिरऔन एवढंच म्हणतं. तो दुसरा रामसेस असावा असं पुष्कळांनी मानलं. पुरावा मात्र नाही. त्याच रामसेसनं बांधलेल्या चौकात मी जोहरची नमाज अदा केली. ती कशी, ते सांगतो.

लक्सरचं देऊळ तिसऱ्या आमेनहोतेपनं इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात उभारलं. पुढचा चौक रामसेसनं जोडला. नंतर रोमनांनी तिथं लष्करी छावणी केली, ख्रिस्ती लोकांनी चर्च बांधलं. हळूहळू माती आणि वाळू साचत गेली, खांब अर्धेअधिक गाडले गेले आणि त्यावर घरं झाली. तेराव्या शतकात बगदादकडून आलेले सूफी अबूल हज्जाज इथं राहिले. त्यांची मशीद आणि दर्गा त्या भरावावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खनन सुरू झालं, घरं हलली, मशीद राहिली. त्यामुळं तिचं जुनं दार आज भिंतीत उंचावर लटकतं. त्यातून कुणी पाऊल बाहेर टाकलं तर थेट रामसेसच्या चौकात आपटेल. जायचं ते मागच्या रस्त्यावरून.

2007 मध्ये मशिदीला आग लागली. दुरुस्तीत गिलावा निघाला आणि आतल्या खांबांवरची चित्रलिपी उघडी पडली. ती आता तशीच दिसते. 1822 मध्ये शाँपोलियाँनं उलगडा करेपर्यंत ही अक्षरं शतकानुशतकं कुणालाच वाचता येत नव्हती. पीरसाहेबांनाही येत नसणार. मला तरी कुठं येतात!

आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी गाइडला विचारलं, ‘मशीद हटवून देऊळ पूर्ण मोकळं का करत नाहीत?’ सगळे एकदम माझ्याकडे पाहायचं टाळू लागले. हा प्रश्नही आम्ही इथून सामानात घेऊन गेलो होतो. गाइड लक्सरचाच. तो हसला. ‘अबूल हज्जाजला कोण उठवणार?’ त्याच्या आवाजात वादाचा सूर नव्हता, घरच्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं होतं. माझ्या एका धर्मबंधूंनी मला हळूच विचारलं, ‘या मूर्तींमध्ये नमाज होते का?’ मी म्हटलं, ‘सात-आठ शतकं होतेय.’

मग गाइडनं तिथल्या उरुसाची गोष्ट सांगितली. शाबान महिन्यात पीरसाहेबांच्या नावानं मिरवणूक निघते. आपल्याकडे संदल निघतो तसा. पण तिथं मिरवतात ती होडी. प्राचीन काळी ओपेतच्या सणाला आमोन देवाची होडी कर्नाकच्या देवळातून याच देवळात वाजतगाजत येत असे. अभ्यासक दोन्हींची सांगड घालतात. गाइडला मात्र त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. ‘आमच्याकडे होडीच असते,’ एवढंच तो म्हणाला आणि शाबानमध्ये पुन्हा या, असा आग्रह करू लागला. पत्नीनं तिथल्या तिथं बोटांवर महिने मोजले. शाबान चार-पाच महिने लांब होता.