न वटलेल्या चेकवरचे पेढे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण मुदत ठेवींचे व्याजदर आता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. म्हणून चेअरमनसाहेबांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. आज मी वाट पाहण्याबद्दल बोलणार आहे. आमच्या घरात सध्या तेच चाललं आहे आणि तेवीस वर्षांपूर्वीही तेच चाललं होतं. त्या वेळी माझ्याकडून एक मोठी चूक झाली. ती याच मांडवात झाली, म्हणून याच मांडवात सांगतो.

आधी बँकेतली एक गोष्ट. मी चौतीस वर्षं बँकेत काढली. ग्राहकाने चेक भरला की आम्ही स्लिपवर शिक्का मारून देत असू, पण चेक वटल्याशिवाय त्यावर पैसे उचलू देत नसू. पूर्वी बाहेरगावचा चेक वटायला दोन-दोन, तीन-तीन आठवडे लागत. ग्राहक काउंटरवर यायचा आणि म्हणायचा, “साहेब, पार्टी एकदम चांगली आहे. चेक वटणारच. थोडे पैसे आज उचलू द्या ना.” आम्ही नाही म्हणायचो. चेक खोटा आहे असं आमचं म्हणणं नसायचं. तो वटायचा आहे, एवढंच म्हणणं असायचं.

जन्मभर लोकांना हे समजावणाऱ्या माणसाने घरी काय केलं, ते आता ऐका.

सन २००२. सोसायटीत राहायला येऊन आपल्याला दोन वर्षं झाली होती. आमचा धाकटा तेव्हा बारावी झाला होता. त्याला एनडीएत जायचं होतं. आपण पुण्याचे, खडकवासला आपल्या उशाला. शाळेच्या सहलीत त्याने लांबून सुदान ब्लॉकचा घुमट पाहिला आणि तिथपासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. लेखी परीक्षा पास झाला. मग भोपाळला एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत. पहिल्याच दिवशी चाळणी होते आणि बरीच मुलं त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसतात. हा टिकला. पाचव्या दिवशी शेवटची कॉन्फरन्स झाली, निवडलेल्यांचे छातीवरचे नंबर वाचले, त्यात याचा नंबर होता. मेडिकलही पास झाला. एसटीडी बूथवरून त्याचा फोन आला तेव्हा आमच्या सौ. देवापुढे जाऊन रडल्या.

मी काय केलं? पाच किलो पेढे आणले. अठ्ठेचाळीस फ्लॅटमध्ये स्वतः फिरून वाटले. सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर अभिनंदन लिहिलं. गणपतीत या स्टेजवर त्याला शाल आणि श्रीफळ दिलं. त्याच सुमारास त्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता, फी भरायची तारीख जवळ आली होती. मी म्हणालो, “आता कशाला उगाच पैसे अडकवायचे?”

मला नीट माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही, ते असं. एसएसबीने निवडलं म्हणजे प्रवेश झाला, असं नसतं. लेखी परीक्षेचे ९०० गुण आणि मुलाखतीचे ९०० गुण, असे १८०० पैकी मिळालेले गुण एकत्र करून यूपीएससी गुणवत्ता यादी लावते. मुलाखतीत किती गुण मिळाले, हे मुलाला त्या वेळी सांगत नाहीत. निवडलं किंवा नाही निवडलं, एवढंच कळतं. मेडिकल पास झालेली मुलं जागांपेक्षा जास्त असतात. जागा संपल्या की यादी संपते. त्याखाली राहिलेल्या मुलांमध्ये काही खोट असते असं नाही. ती यादीबाहेर राहतात, इतकंच.

दिवाळी गेली आणि यादी आली. इंटरनेट कॅफेत आम्ही दोघं गेलो. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत यादी पाहिली, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत पाहिली. नाव नव्हतं.

पुढचे काही महिने तो मागच्या गेटने जायचा. संध्याकाळी खाली उतरायचा नाही, कारण ज्याने त्याने पेढे खाल्ले होते आणि जो तो विचारणार होता, “काय रे, कधी निघायचं?” तुमची चूक नव्हती. तुमच्या हातात पेढा मीच ठेवला होता. त्याचं वर्ष गेलं. पण त्याहून वाईट म्हणजे वय बसत असूनही त्याने पुन्हा फॉर्म भरला नाही. “परत सगळ्यांना सांगत बसायला लागेल,” एवढंच म्हणाला. पुढे त्याने बीएस्सी केलं, आज बंगळुरात चांगल्या नोकरीत आहे, संसार आहे. तक्रार त्याने कधी केली नाही.

हे बोलायच्या आधी मी त्याला फोन करून परवानगी विचारली. तो म्हणाला, “सांगा बाबा, पण दुधाचं पण सांगा.” मला कळेना, दुधाचं काय? तेव्हा तेवीस वर्षांनी पहिल्यांदा त्याने सांगितलं. रोज सकाळी डेअरीतून दूध आणणं हे त्याचं काम होतं. यादी आल्यानंतर आम्ही त्याला ते सांगणं बंद केलं. वाटलं, पोराला त्रास नको. मीच जाऊ लागलो. तो म्हणाला, “बाबा, नाव नव्हतं ते मी सहन केलं असतं. पण तुम्ही मला दूध आणायला सांगायचं बंद केलंत, तेव्हा वाटलं, आता आपण घरात आजारी माणूस झालो.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो.

आता यंदाचं. माझ्या मुलीची मुलगी, तुम्ही सगळे तिला ओळखता, अकरावीपासून आमच्याकडे राहते. आमच्या मुलाच्या वेळी मुलींना एनडीएचा दरवाजाच बंद होता. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे मुलींना परीक्षेला बसता आलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यातल्या १७ मुली प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. ते संचलन हिने टीव्हीवर उभं राहून पाहिलं. एप्रिलमध्ये तिने लेखी परीक्षा दिली, मग मुलाखत झाली, निवडही झाली. मेडिकलमध्ये तात्पुरती अपात्र ठरली. कारण काय, तर कानातला मळ! आजी म्हणाली, “लहानपणापासून सांगतेय, तेल घाल कानात.” ४२ दिवसांच्या आत अपील मेडिकल करता येतं. कान साफ करून घेतला, पुन्हा तपासणी झाली आणि पास झाली. आता यादीची वाट पाहणं चालू आहे. सगळ्या मिळून जागा चारशेच्या आसपास, त्यात मुलींसाठीच्या अगदी थोड्या.

या वेळी आम्ही घरात काही गोष्टी ठरवल्या. कुणाच्या घरी सीए, मेडिकल, परदेशातला प्रवेश, असलं काहीही अडकलेलं असेल तर उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, दुसरीकडे प्रवेश घेतला आणि फी भरली. खडकवासल्याचं पत्र आलं तर ती फी बुडेल. बुडू दे. तो विम्याचा हप्ता समजायचा. ती रोज त्या कॉलेजला जाते आणि मन लावून जाते.

दुसरी, पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरला. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. पुढच्या आठवड्यात तिचा पुन्हा पेपर आहे. पहिल्याचा निकाल लागायच्या आत दुसऱ्याची तयारी सुरू असली की हाताला काम राहतं.

तिसरी, यूपीएससीची वेबसाइट दिवसातून एकदाच उघडायची. संध्याकाळी सात वाजता, आणि तीच उघडणार. मी चोरून दुपारी बघायचो, ते तिने पकडलं. आता माझा फोन सातपर्यंत फ्रिजवर असतो.

चौथी, “यंदा कटऑफ इतका लागणार” असं छातीठोकपणे सांगणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून ती बाहेर पडली. ज्याने यादी पाहिलेली नाही, त्याच्या आकड्याला किंमत किती? आमच्या बँकेत त्याला तोंडी हमी म्हणत. कागदावर काही नसतं.

पाचवी, नाव नसेल तर दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे आत्ताच बोलून ठेवलं आहे. मला वाटत होतं, असं बोलणं अपशकुनी. ती म्हणाली, “आजोबा, तिथे मुलाखतीत अडचणींचे प्रसंग देतात आणि विचारतात, तू काय करशील? मग हाही एक प्रसंगच ना?” मी गप्प बसलो.

आणि सहावी, सकाळचं दूध तीच आणते.

हे सगळं केल्यावर वाट पाहणं सोपं होतं का? नाही. रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू असतो, मला दिसतो. मी जाऊन काही समजावत नाही. कधी कधी दोन कप चहा करतो आणि आम्ही पत्ते खेळतो. ती लबाडी करते.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. पंचवीस वर्षांत आपण एकमेकांच्या खूप उपयोगी पडलो. रात्री दोन वाजता गाडी काढून दवाखान्यात नेणारे लोक या मांडवात बसले आहेत. पण आपल्याला एक खोड आहे. लिफ्टमध्ये पोर भेटलं की आपण विचारतो, “काय झालं मग?” प्रेमानेच विचारतो. पण अठ्ठेचाळीस घरांनी एकेकदा विचारलं, तरी त्या पोराला अठ्ठेचाळीस वेळा ‘अजून नाही’ म्हणावं लागतं. तेव्हा एवढं करू या. ज्याचा निकाल आहे त्याला सांगू दे, आपण विचारायचं नाही. त्याऐवजी क्रिकेटचं विचारा, पाण्याच्या टँकरचं विचारा, पार्किंगवरून भांडा हवं तर.

हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत, असं सेक्रेटरी म्हणाले. स्मरणिका तुमच्या हातात पडेल तोवर कदाचित यादी लागलेली असेल. नाव असलं तर पेढे घेऊन ती स्वतः येईल, आणि जॉइनिंग लेटर हातात पडल्यावरच येईल. पेढे आले नाहीत, तर समजून घ्या आणि काही बोलू नका. दोन्हीपैकी काहीही झालं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती पुढच्याच गेटने दूध आणायला निघेल. वाटेत भेटली तर एवढंच म्हणा, “काय गं, आज लवकर?”

गणपती बाप्पा मोरया!