वाळूचं तापमान आणि तीस गुण



बारावी विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा कशी उरकते, हे ज्यांच्या घरात बारावी झाली त्यांना सांगायला नको. भौतिक, रसायन, जीवशास्त्र. प्रत्येकी लेखीचे ७० गुण, प्रात्यक्षिकाचे ३०. जर्नल पुरं करायचं, सही घ्यायची. उत्तर किती यायला हवं ते आधीच ठाऊक, म्हणून रीडिंगही त्याच बेतानं लिहायची. मी मुलांना दोष देत नाही. जुळलेल्या उत्तराला गुण दिले, की मुलं उत्तर जुळवणारच.

उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रयोग पाहायचा, तर आता दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर या. थंडीत इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कासवमित्र, म्हणजे कासवं राखणारे कार्यकर्ते, ती अंडी राखलेल्या कुंपणात, हॅचरीत, नेऊन पुरतात. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात, आणि नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. ऊब जास्त, तर माद्या जास्त.

कासव संरक्षित आहे, त्याच्या घरट्याला हात लावायचाच नाही. पण लांब मोकळ्या वाळूत, दीड फूट खोल, एक जागा सुरूच्या सावलीत आणि एक उन्हात, अशी तापमानं अकरावीच्या मुलाला महिनाभर घेता येतील. थर्मामीटर वर काढेपर्यंत आकडा बदलतो. हे ज्या मुलीच्या लक्षात आलं आणि जिनं तारेचा सेन्सर वाळूत पुरूनच ठेवला, तिला मी सर्वांत जास्त गुण देईन. मग तिचा आलेख वाकडा का येईना. परीक्षकानं तिची मूळ वही पाहावी, खाडाखोडीसकट. विचारावं: रोज वेळ एकच होती का? हा एक आकडा वेगळा का आला?

असे प्रकल्प घरचेच करून देतात, हा आक्षेप खरा आहे. पण अशा दहा मिनिटांच्या प्रश्नांत काम कोणाचं, ते लगेच कळतं. दुसरा एक मार्गही आहे: इंग्लंडात २०१५ पासूनच्या ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीसारख्या परीक्षेला, विज्ञानाचे शिक्षक दोन वर्षांत किमान १२ प्रयोग पाहून शेरा देतात. तो मूळ श्रेणीत धरत नाहीत. आपल्याकडे ते चालणार नाही. ज्याला गुण नाहीत, ते इथे कोणी करत नाही.

बारावीचे नियम बोर्डाचे. अकरावीची परीक्षा मात्र कॉलेजच्या हातात असते. दापोली तालुक्यातल्या विज्ञानशिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या हंगामात अकरावीच्या प्रात्यक्षिकातले दहा गुण मुलांनी स्वतः शोधलेल्या प्रश्नासाठी ठेवा.