व्यासपीठावर कोणी गावे?



व्याख्यानमालेची कार्यक्रमपत्रिका भिंतीवर लागली की गावात तिच्यावरून बोलाचाली होतेच. अमक्याला का बोलावले, तमक्याला का वगळले, शेवटचे पुष्प ह्यांच्याकडेच का दिले, असे प्रश्न निघतात आणि चिटणीस मंडळी वैतागतात. आम्हांस मात्र ही कुरबुर आवडते. ज्या गावात पत्रिकेवरून दोन शब्दांची चकमकही झडत नाही, त्या गावात लोक व्याख्यानाला येतात ते वारा खाण्यासाठी, असे खुशाल समजावे.

ह्याच भांडणाची एक मोठी कथा आज आपणांपुढे मांडावयाची आहे. ती इंग्लंडातील ग्लॅस्टनबरीच्या संगीत महोत्सवाची आहे. युनियनच्या माणसाला ह्या गाण्याबजावण्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण जमाव, मागणी, सह्या, बहिष्कार, परंपरा आणि हक्क हे सारे आमच्या रोजच्या कामातले शब्द आहेत. ते गाण्याच्या मांडवात उभे राहिले म्हणून त्यांची जात बदलत नाही.

प्रथम स्थळ पाहू. सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचे खेडे आहे. तेथे मायकेल ईव्हिस ह्या दूधधंदा करणाऱ्या शेतकऱ्याने १९ सप्टेंबर १९७० रोजी आपल्या शेतात पहिला जलसा केला. प्रवेशाचा दर एक पौंड, आणि गोठ्यातले दूध फुकट. आले सुमारे दीड हजार लोक. पुढे हाच जलसा वाढत वाढत गेला आणि आता जमणाऱ्यांची संख्या दोन लाखांच्या घरात जाते. मधूनमधून एखादे वर्ष महोत्सव बंद ठेवून जमिनीला विसावा देतात. २०१८ साली तसा दिला होता. शेत पड टाकण्याची ही रीत आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही.

महोत्सवात लहानमोठी अनेक व्यासपीठे असतात. त्यांतले मुख्य ते पिरॅमिड नावाचे. शुक्रवार, शनिवार आणि रविवार ह्या तीन रात्री त्यावर शेवटी जो गातो तो त्या रात्रीचा मुख्य गायक. जाहिरातीत त्याचे नाव सर्वांत वर आणि सर्वांत ठळक. म्हणजे शेकडो कलावंतांतून तिघांना हा मान मिळावयाचा. भांडण पेटते ते ह्या तीन जागांवरून.

२००८ साली शनिवारची जागा जे-झी ह्या अमेरिकन गायकाला दिली. तो हिपहॉप पंथाचा; म्हणजे ठेक्यावर झरझर शब्द फेकीत जाणारा. न्यूयॉर्कच्या निग्रो वस्तीत, गरिबीत वाढलेला. ह्या पंथाचा माणूस मुख्य जागी येण्याची तेथे ती पहिलीच वेळ. ओअॅसिस ह्या प्रसिद्ध वाद्यवृंदाचा नोएल गॅलाघर ह्याने जाहीर नापसंती दर्शविली. ग्लॅस्टनबरीची परंपरा गिटारच्या संगीताची आहे, तेथे हिपहॉप नको, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पुष्कळ श्रोत्यांनी मान डोलावली. आदल्या वर्षी दोन तासांच्या आत संपलेली तिकिटे ह्या वर्षी, १५५ पौंड दराची, महोत्सव तोंडावर आला तरी शिल्लक होती. लोकांनी खापर जे-झीच्या माथी फोडले. आदल्या वर्षी चिखलाने श्रोत्यांचे हाल झाले होते, तेही कारण असू शकेल, हे फार थोडे बोलले. संपात उत्पादन घटले की मालक संपाला दोष देतो आणि मोडक्या यंत्राविषयी गप्प बसतो, त्यातलाच हा प्रकार.

मग २८ जूनची रात्र आली. जे-झी व्यासपीठावर आला तो गळ्यात गिटार अडकवून, आणि गॅलाघरच्याच वाद्यवृंदाचे ‘वंडरवॉल’ हे गाणे मुद्दाम बेसूर म्हणत. समोरचा प्रचंड समुदाय त्याच्या सुरात सूर मिसळून गाऊ लागला. तेवढे झाल्यावर त्याने गिटार बाजूला ठेवली आणि आपले खरे गाणे सुरू केले. प्रतिपक्षाचेच घोषवाक्य हातात घेऊन सभा जिंकण्याची ही हातोटी पाहून कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याला हसू यावे.

ही कथा येथेच संपविली असती तर बोधकथा झाली असती. पण प्रश्न एका रात्रीत सुटत नसतात. २०१५ साली पुन्हा तेच घडले. कान्ये वेस्ट ह्याचे नाव मार्चमध्ये जाहीर झाले आणि त्याचा कार्यक्रम रद्द करून रॉकचा वाद्यवृंद आणावा, अशा अर्जावर सव्वा लाखाहून अधिक सह्या झाल्या. तरीही २७ जूनला तो गायला. ह्या वेळी जे-झीसारखा सर्वांना जिंकणारा प्रसंग घडला नाही. काहींना गाणे फार आवडले, काही कंटाळून दुसऱ्या व्यासपीठांकडे गेले. म्हणजे श्रोत्यांची शंका दर वेळी खोटीच ठरते असेही नाही.

आता ह्या श्रोत्यांचे मागणीपत्रक आपण तपासू. युनियनमध्ये मागणीपत्रक आले की आम्ही कलमवार बघतो. सरसकट ‘झालेच पाहिजे’ किंवा ‘होणार नाही’ म्हणत नाही.

पहिले कलम पैशाचे. ‘आम्ही तिकीट काढले आहे, म्हणून आमचे ऐका.’ ह्यात तथ्य आहे, आणि २००८ व २०१५ ह्यांत फरकही आहे. २००८ साली एप्रिलमध्ये तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा जे-झीचे नाव जाहीर झालेले होते. ज्याला नको तो घरी बसू शकत होता. २०१५ ची तिकिटे मात्र आदल्या ऑक्टोबरातच अर्ध्या तासाच्या आत संपली होती आणि मुख्य नावे पुढे कळली. पैसे आधी आणि माल मागाहून, अशा व्यवहारात गिऱ्हाइकाने कुरकुर केली तर तिला उद्धटपणा म्हणता येणार नाही. पण हेही खरे की त्या श्रोत्याने तिकीट घेतले ते एका गायकाचे नव्हते. नावे न पाहता त्याने शेत, गर्दी, तंबू, शेकडो गाणी आणि निवडणाऱ्यांवरचा विश्वास एकत्र विकत घेतला. विश्वास विकत घेतल्यावर जाब विचारता येतो. हुकूम सोडता येत नाही.

दुसरे कलम परंपरेचे, आणि आमच्या मते खरी मेख येथे आहे. ग्लॅस्टनबरीची परंपरा गिटारची, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. पहिल्याच वर्षी ठरलेला किंक्स हा वाद्यवृंद आला नाही आणि मार्क बोलनने वेळ निभावून नेली. तेथे १९९४ साली जॉनी कॅश गायला, १९९८ साली जुन्या ढंगाचा टोनी बेनेट गायला. १९९४ सालीच यंत्रांतून नाद काढणाऱ्या ऑर्बिटलने रात्र गाजविली. आणि गिटारचे म्हणाल तर ज्या संगीताचा हे लोक अभिमान बाळगतात, त्याचे मूळ अमेरिकेतील निग्रो मजुरांच्या ब्लूज गाण्यांत आहे. मग त्याच समाजातून पुढे निघालेले हिपहॉप परके कसे?

ह्यावर एक जुना दाखला देतो. अमेरिकेत न्यूपोर्ट येथे लोकगीतांचा महोत्सव १९५९ साली सुरू झाला. मध्ये खंड पडून १९६३ साली तो पुन्हा उभा राहिला तेव्हा चालकांनी एक नियम केला, जो ऐकून आमच्यासारख्यांचा ऊर भरून येतो. नामवंत असो वा खेडुत असो, प्रत्येक कलावंताला मानधन सारखेच, ५० डॉलर, शिवाय प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च! कामगारांची गाणी घेऊन संपाच्या सभांतून फिरलेला पीट सीगर ह्या योजनेमागे होता. समान मोबदल्याचे तत्त्व आम्ही कारखान्यात मागतो, ते ह्या मंडळींनी मांडवात चालवून दाखविले.

त्याच न्यूपोर्टात २५ जुलै १९६५ च्या रात्री बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला. साध्या गिटारवर न्यायाची गाणी म्हणणारा हा लोकांचा लाडका तरुण. श्रोत्यांतून हुर्यो उठली. ती विजेच्या गिटारीमुळे, की ध्वनिक्षेपक नीट नव्हता म्हणून, की गाणी फार थोडी झाली म्हणून, ह्याविषयी अजून वाद आहे. सीगरने कुऱ्हाडीने तारा तोडल्या, अशी दंतकथाच तयार झाली; शब्द ऐकू येत नव्हते म्हणून आपण चिडलो होतो, एवढेच तो पुढे सांगत असे. पुढल्या वर्षी १७ मे रोजी मँचेस्टरमध्ये तर एका श्रोत्याने डिलनला ‘जुडास’ म्हणून हाक मारली, म्हणजे विश्वासघातकी.

आता हिशेब मांडा. १९६५ साली विजेची गिटार म्हणजे परंपरेचा द्रोह. आणि ४३ वर्षांनी, २००८ साली, तीच विजेची गिटार म्हणजे रक्षण करण्याजोगी परंपरा! परंपरा म्हणून आपण पुष्कळदा जे जपतो ते आपल्याच तरुणपणाचे दिवस असतात. त्या दिवसांवर माया असावी. पण त्यांचा नियम करून दुसऱ्याला दाराबाहेर ठेवू नये.

हे आम्ही बोलतो त्याला कामगार चळवळीतलाच एक कडू इतिहास कारण आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, म्हणजे साचेखात्यात, पगार बरा असे. पण तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, हे कारण. मालकाने असा नियम छापलेला नव्हता. शेजारी उभा राहणारा कामगारच तो पाळीत होता, आणि त्याला रीत म्हणत होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. गाण्याचा मांडव आणि साचेखाते ह्यांची तुलना आम्ही ताणीत नाही. एकात करमणुकीचा प्रश्न, दुसऱ्यात भाकरीचा आणि माणुसकीचा. परंतु ‘आमच्याकडे अशी रीत नाही’ हे वाक्य दोन्हीकडे एकच आहे, आणि ते उच्चारणारा पुष्कळदा स्वतःला सज्जनच समजत असतो.

तिसरे कलम सर्वांत विचार करण्याजोगे. सर्व निषेध एका मापाने मोजू नयेत. २०१४ साली मेटालिका ह्या वाद्यवृंदाविरुद्ध ओरड झाली ती संगीतासाठी नव्हती. त्यांचा गायक अस्वलांच्या शिकारीच्या चित्रमालिकेशी संबंधित होता म्हणून. हा वर्तनावरचा आक्षेप आहे. पटो वा न पटो, तो घेण्याचा हक्क नागरिकाला आहे. कान्ये वेस्टने पुढे २०२२ साली ज्यूद्वेषाची विधाने केली. त्याला व्यासपीठ देऊ नये असे त्यावरून कोणी म्हटले तर ती गोष्ट निराळी. २०१५ च्या अर्जात तसे काही नव्हते, तेथे हवा होता केवळ दुसऱ्या जातीचा नाद. आणि २०२३ साली तिन्ही मुख्य जागा गोऱ्या पुरुषांकडे गेल्या तेव्हा टीका झाली, ती ‘ह्याला काढा’ अशी नव्हती. ‘बायका कोठे आहेत?’ अशी होती. पुढल्या वर्षी तिघांत दोन स्त्रिया मुख्य जागी आल्या. असे त्या महोत्सवात प्रथमच घडले. त्यांतल्या एकीच्या गाण्याला गर्दी पातळ होती, हेही सांगितले पाहिजे. पण पातळ गर्दी हा गुन्हा नव्हे. आमच्या कित्येक गेटसभा पाच माणसांनी सुरू झाल्या आहेत.

ह्यातून आम्ही एवढाच भेद काढतो. ‘आणखी कोणाला आत घ्या’ ही मागणी चळवळ वाढविते. ‘अमक्याला बाहेर ठेवा, कारण तो आमच्यासारखा नाही’ ही मागणी सव्वा लाख सह्यांनीही मोठी होत नाही. शिवाय सही करणे सोपे आहे. सही करणारा सभेला येत नाही, वर्गणी देत नाही, ठराव हरला तर मुकाट्याने मान्य करीत नाही. सह्यांचा गठ्ठा म्हणजे संघटना नव्हे.

आणि एक शेवटची गोष्ट. वरच्या तीन नावांवरून एवढे रण माजते. खालची नावे कोणी वाचीत नाही, आणि ज्यांची नावे छापलीच जात नाहीत त्यांचे तर बोलूच नये. दोन लाख माणसे गेल्यावर त्या शेतातला कचरा हाताने वेचावा लागतो. तेथील मद्याच्या गुत्त्यांवर वर्कर्स बिअर कंपनी काम करते. ती लंडनच्या बॅटरसी व वाँड्सवर्थ येथील कामगार संघटनांच्या मंडळाने १९८६ साली काढली. तेथे राबणारे स्वयंसेवक आपली मजुरी आपल्या युनियनला किंवा चळवळीला देतात. ‘लेफ्ट फील्ड’ नावाच्या तंबूत कामगारांच्या प्रश्नांवर भाषणे आणि गाणी होतात; २०१० पासून गायक बिली ब्रॅग तो तंबू चालवितो. पिरॅमिडवर कोण गाणार ह्यावर रात्रभर भांडणाऱ्याने सकाळी ह्या तंबूत एकदा डोकवावे.

श्रोत्याला हक्क आहेत. न आवडले तर तिकीट घेऊ नये, उठून दुसरीकडे जावे, पत्र लिहावे, चालकांना जाब विचारावा. गवयालाही एक हक्क आहे. आधी त्याचे गाणे ऐकावे आणि मग बोलावे. चालकांना आमचे सांगणे इतकेच की निवड कशी केली ते मोकळेपणाने सांगत चला, आणि वर्षातून एक तरी जागा अशा कोणाला द्या की ज्याचे नाव वाचून नेहमीच्या श्रोत्याच्या कपाळाला आठी पडेल.